उकाड्याचा नमुना

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता कारभारी पानगव्हाणे यांनी कूलर बंद केला, दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीत जुनं धोतर कोंबलं आणि ट्रंकेतला लोकरीचा स्वेटर काढून अंगात चढवला. बाहेर कोपरगावात तेव्हा एकोणचाळीस अंश तापमान होतं. गल्लीतली कुत्रीसुद्धा उभ्या टँकरखालच्या ओलीत जाऊन पडली होती.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते त्यांनी बायकोला दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पानगव्हाण्यांना सांगायची सवय नव्हती. त्यांची चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली होती आणि उसाच्या रसाशी फारसं बोलावं लागत नाही.

कारखान्यानं त्यांना ऐन तिशीत सहा महिने रशियाला धाडलं होतं, बिटापासून साखर कशी काढतात ते बघायला. बीट काही आपल्याकडं आलं नाही. पानगव्हाण्यांना रशियन भाषा मात्र आली, आणि आली ती गेलीच नाही. निवृत्तीनंतर लोक शेतावर जातात, भजनी मंडळात जातात, निदान पारावर तरी बसतात. पानगव्हाणे पुढच्या खोलीत बसून एका जुन्या, कुणाला फारशा ठाऊक नसलेल्या रशियन लेखिकेच्या दहा गोष्टी इंग्रजीत आणत होते. दोन वर्षं घासली. शेवटी दिल्लीच्या एका प्रकाशनाला त्या पसंत पडल्या. पुस्तकावर नाव लागणार होतं, 'अनुवाद : कारभारी पानगव्हाणे'. सदुसष्टाव्या वर्षी या माणसाला आयुष्यात दुसरं काहीही नको होतं.

घोडं अडलं होतं पहिल्या गोष्टीच्या पहिल्या ओळीपाशी. ती ओळ अवघी दोन शब्दांची. 'दुहता. मायता.' रशियनमध्ये साध्या उन्हाळ्याला वेगळा शब्द आहे, रखरखीत उन्हाला वेगळा. दुहता म्हणजे हवा जागच्या जागी थांबते, श्वास घेतला तरी पुरत नाही, तो प्रकार. आणि मायता म्हणजे बसवत नाही, उठवत नाही, आडवंही पडवत नाही, आतल्या आत जीव नुसता येरझारा घालतो, तो प्रकार. मराठीत दोन्हींना डझनभर शब्द हाताशी होते. पण पुस्तक जायचं होतं इंग्रजीत, आणि इंग्रज साहेब उकाडा सुरू झाला की महाबळेश्वरला पळायचा. शब्द तयार व्हायला तो इथं थांबला होता कधी?

पानगव्हाण्यांनी दिल्लीच्या संपादकबाईंना सात जोड्या पाठवल्या होत्या. 'सफोकेटिंग' वाचून बाई म्हणाल्या, हे पोलीस पंचनाम्यातलं वाटतं. 'स्टफी' वाचून म्हणाल्या, ही सर्दीच्या गोळीची जाहिरात झाली. 'ऑप्रेसिव्ह'मध्ये त्यांना राजकारण दिसलं. सोमवारी रात्री त्यांचा निरोप आला. उद्या दुपारी चारला फोन करते. ओळ जमली तर पुस्तक छापायला जाईल. नाही जमली तर इथल्या एका प्राध्यापकांना सगळं पुन्हा बघायला देते, मग नाव दोघांचं लागेल. त्यांचं आधी.

पानगव्हाण्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी चहा पिताना त्यांना एकदम आपली चूक सापडली. प्रयोगशाळेत त्यांनी नमुना घेतल्याशिवाय एकही रिपोर्ट लिहिला नव्हता. चेअरमनचा फोन आला तरी नाही. आणि इथं ते कूलरच्या गार वाऱ्यात बसून उकाड्याचा रिपोर्ट लिहायला निघाले होते! नमुनाच नाही तर आकडा येणार कुठून?

म्हणून कूलर बंद, म्हणून स्वेटर. समोर भिंतीला तापमापक आणि मांडीवर वही. पहिली नोंद होती, '१०.१५. ३९ अंश. घाम : कपाळ, मान. शब्द : नाही.' दुसरी होती, '१०.३५. ४१ अंश. घाम : सर्वत्र. शब्द : नाही.'

इकडं वर गच्चीवर चांगुणाबाई, म्हणजे सौभाग्यवती पानगव्हाणे, शेजारच्या फरीदाभाभींच्या मदतीनं पहाटेपासून कुरडया घालत होत्या. शेवटचं ताट झालं आणि कुरडयांवर अंथरायला जुनं लुगडं हवं म्हणून त्या खाली आल्या. लुगडी ट्रंकेत आणि ट्रंक पुढच्या खोलीत. दार ढकललं तर उघडेना. त्यांनी खांदा लावून रेटलं, तसं धोतरासकट दार आत गेलं.

समोर नवरा उभा. अंगात स्वेटर, डोळे मिटलेले, गालावरून घामाच्या धारा. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालतोय.

"अहो! हे काय?"

"थांब. रीडिंग घेतोय."

"कसलं रीडिंग? सुटर का घातलाय? थंडी वाजतीय व्हय?"

"न्हाई. उकडायला पायजे."

चांगुणाबाईंनी चाळीस वर्षांच्या संसारात 'उकडतंय' हजारदा ऐकलं होतं. 'उकडायला पाहिजे' हे पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"आन कूलर का बंद हाय?"

"कूलर लावला की येत न्हाई ते."

"काय येत न्हाई?"

"दुहता आलीय," पानगव्हाणे डोळे न उघडता म्हणाले. "मायता यायचीय अजून."

यावर एखादी बाई किंचाळली असती. चांगुणाबाई किंचाळणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी दार हलकेच ओढून घेतलं, जिन्याशी गेल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या, "फरीदाभाभी, जरा खाली येता का? ह्यांचं कायतरी झालंय."

फरीदाभाभी चिकानं भरलेले पांढरे हात तसेच घेऊन आल्या. दाराच्या फटीतून त्यांनी एक डोळा लावला आणि लगेच काढला.

"ताई, ऊन लागलं. डोक्यात गेलं."

"आवो, पन ते घरातच हायेत कालपासून."

"मग घरातलं ऊन लागलं. आमच्या मामूंना असंच झालतं. भर दुपारी रजई मागत हुते." भाभींनी हात पुसले. "कांदा किसा. तळपायाला चोळायचा. आन मी आमच्या ह्यांना फोन लावते, कूलर बिघडलाय म्हनून."

पाच मिनिटांत पानगव्हाणे खुर्चीत बसवले गेले आणि दोन्ही तळपायांवर किसलेला कांदा थापला गेला. ते म्हणत होते, "अगं, मला काही झालेलं न्हाई. शब्द शोधतोय." चांगुणाबाई फरीदाभाभींकडं बघून डोळ्यांनीच म्हणाल्या, ऐकलंत?

भाभींचे यजमान फक्रुद्दीन यांचं बसस्टँडजवळ कूलर आणि मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. मे महिन्यात त्यांना जेवायला फुरसत नसे, पण शेजाऱ्याचं काम म्हणून ते हातातलं टाकून आले. कूलर बंद, माणूस घामानं निथळतोय. फक्रुद्दीन यांना यापलीकडं काही विचारायची गरज भासली नाही. त्यांनी कूलर फिरवला आणि मागची जाळी काढली.

"फक्रुद्दीनभाई, तो बिघडलेला न्हाई. मी बंद केलाय."

"भाऊसाहेब, त्यात संकोच कसला? मे महिना हाय. मंत्र्याचा बी जातो."

"आवो, बटन दाबून बघा."

"बटन दाबून शॉक बसला म्हंजे?" फक्रुद्दीननी मोटार सुटी केली आणि तिला हात लावून मान हलवली. "गरम लागतीय."

"खोली एक्केचाळीस अंशावर हाय! समदंच गरम लागनार!"

"दुकानावर नेऊन बघतो. दुपारपर्यंत आनतो." आणि बिनदुखण्याची मोटार बगलेत मारून ते गेलेसुद्धा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण चांगुणाबाईंनी लेकीला फोन केला. रुपाली राहात्याला दिलेली, शिर्डीत एका हॉटेलच्या काउंटरवर बसायची. बाबांना बरं नाही म्हटल्यावर तिनं साहजिकच सासूला सांगितलं. सासूनं सासऱ्यांना सांगितलं. आता आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जायचं असतं, ते त्याच दिवशी. दोन दिवसांनी गेलं आणि मधल्या काळात तो बरा झाला, तर पुढं वीस वर्षं लग्नाकार्यात ऐकून घ्यावं लागतं की दुखण्याखुपण्यात यांनी साधं तोंड दाखवलं नाही. रुपालीच्या सासऱ्यांना ही जोखीम पत्करायची नव्हती. त्यांनी चुलतभावाचा टेम्पो काढला. निघालोच आहोत तर म्हणून दोन्ही दीर, जावा आणि शेजारचे दोघं बसले. शिर्डीत रुपालीला घेतलं, मग वाकडी वाट करून पुणतांब्याहून पानगव्हाण्यांच्या मनकर्णाआत्यांना घेतलं. आत्या एकट्या कुठंच जात नसत, त्यामुळं त्यांच्याबरोबर आणखी चारजण चढले.

दीड वाजता दहा बाय बाराच्या त्या खोलीत गल्लीतली धरून बावीस माणसं होती. कोपऱ्यात शहाळ्यांचा आणि बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग लागला होता. मधोमध खुर्चीत, स्वेटरमध्ये, पानगव्हाणे.

मनकर्णाआत्या ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आल्या आल्या ताबा घेतला. कुणीतरी खिडकीच्या कडीला हात घातला तसं त्या ओरडल्या, "खबरदार! घाम फुटल्याल्या मान्साला वारं लागलं म्हंजे? लावून ठेव ती."

"आत्या, उघडू दे की जरा," पानगव्हाणे अजिजीनं म्हणाले. "मला खरंच काही झालेलं न्हाई."

"आजारी मान्सालाच समदं कळलं असतं तर डाक्टर उपाशी मेलं असतं." आत्यांनी पिशवीतून मफलर काढून त्यांच्या कानांवरून गुंडाळला. तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल त्यांच्या नजरेला पडला. "आन ह्ये डबडं आधी काढा हितनं. ह्याच्यानंच डोस्कं तापतं." त्यांनी तो उचलला आणि कमरेच्या बटव्यात घालून बटव्याची दोरी आवळली.

पानगव्हाण्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. चार वाजता दिल्लीचा फोन येणार, आणि फोन बटव्यात, बटवा आत्यांच्या कमरेला, आणि आत्यांच्या कमरेपर्यंत आजवर कुणाचा हात पोचला नव्हता.

"आत्या, फोन दे. माझं दोन वर्षांचं काम हाय त्यावर."

"दोन वर्सं थांबलं तर दोन दिस थांबंल."

त्यांनी उठायचा प्रयत्न केला, तर तळपायाचा कांदा शहाबादी फरशीवरून घसरला आणि ते पुन्हा खुर्चीत आदळले. बावीस जणांनी एकदम "अरारारा" केलं. कुणीतरी त्यांना घट्ट धरून ठेवलं. दोन वाजले. पावणेतीन वाजले. बाहेर बेचाळीस, आत किती ते कळेना, कारण तापमापकाच्या पुढ्यात रुपालीचे सासरे बसले होते. पानगव्हाण्यांना बसवत नव्हतं, उठता येत नव्हतं. श्वास छातीत शिरत होता आणि रिकाम्या हातानं परत येत होता. नमुना पुरेपूर मिळाला होता. इतका अस्सल नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत मिळाला नसता. शब्द मात्र अजून शून्य.

सव्वातीनला सगळ्यांच्या चौकशा संपल्या. आजाऱ्याच्या खोलीत एक वेळ अशी येते, की कुणाला काही बोलायला उरत नाही आणि उठायलाही बरं दिसत नाही. त्या शांततेत आत्या म्हणाल्या, "कारभारी, तू बडबडत काय हुतास म्हनं?"

"गोष्ट हाय एक. रशियातली."

"सांग मंग. तेवढाच येळ जाईल."

पानगव्हाण्यांनी आधी वैतागून त्यांच्याकडं पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं. आणि मग, करण्यासारखं दुसरं काहीच नसल्यामुळं, सांगायला लागले. "एक बाई हाय. लहान गाव. जुलैचा महिना, वारा पडलेला. ती दारं लावून खोलीत बसलीय. तिची भैन येनार हाय, सात वर्सांनी. दोघींचं बोलनं बंद हुतं."

"का बरं?" रुपालीच्या सासूबाईंनी विचारलं.

"आईच्या शालीवरनं. आई गेल्यावर शाल धाकटीनं नेली."

"मग बरूबर हाय," तीन बायका एकदम म्हणाल्या. शाल म्हणजे काय असतं, ते त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं.

"आता गाडी यायची येळ झालीय. भैन आली तर बोलायचं काय? न्हाई आली तर? बाई उठती, पानी पिती, परत बसती. चादर झटकती. परत उठती."

भिंतीला टेकलेले पुढं सरकले होते. फरीदाभाभींनी पदराखाली हात घट्ट धरले होते. धाकटे दीर बिस्किटाचा पुडा फोडता फोडता तसेच थांबले होते. पानगव्हाणे सांगत राहिले आणि सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की ते घड्याळाकडं बघायचे विसरले आहेत. दोन वर्षं या बाईबरोबर ते एकटे या खोलीत बसले होते. ही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि इथं पुणतांब्याची आणि राहात्याची माणसं तिची बहीण यायची वाट बघत होती. त्यांनी मफलरच्या टोकानं डोळे पुसले. घाम पुसताहेत, असं सगळ्यांना वाटलं.

"मंग? आली का भैन?" आत्यांनी विचारलं.

आणि तेवढ्यात बटवा वाजला.

बरोबर चार वाजले होते. पानगव्हाणे कांद्यासकट उडी मारून उठले, सटकले आणि थेट रुपालीच्या सासऱ्यांच्या मांडीवर पडले. तोवर आत्यांनी दोरी सोडून फोन कानाला लावला होता.

"कोन?... तो आजारी हाय. फोन करू नगं त्याला."

"आत्या! दे इकडं!"

"गप पड." आत्यांनी फोनवर हात धरला. "कुनी बाई हाय. 'क्या हुआ, क्या हुआ' करतीय. इंग्लिस बी बोलतीय मधनं. रुपाली, तू घे. सांग तिला, खोलीत हवा न्हाई आन ह्याच्या जिवाला निवांतपना न्हाई. मंग ठेवून दे."

रुपालीचं इंग्रजी हॉटेलच्या काउंटरवर घडलेलं होतं. 'नो हॉट वॉटर आफ्टर नाईन.' 'नो लिफ्ट टुडे.' 'नो एक्स्ट्रा बेड.' पाहुण्यांना काय मिळणार नाही ते नम्रपणे सांगायचं, एवढंच तिला रोज लागायचं आणि तेवढं ती फार छान सांगायची. तिनं फोन घेतला, काउंटरवर बसतो तसा चेहरा केला आणि म्हणाली, "सॉरी, मॅडम. नो एअर. नो रेस्ट."

पलीकडून कागद चाळल्याची सळसळ आली.

"हॅलो, मॅडम?... येस, मॅडम. नो एअर. नो रेस्ट." ती ऐकत राहिली. "येस... येस... ओके, मॅडम. थँक्यू." तिनं फोन खाली घेतला आणि गोंधळून वडिलांकडं पाहिलं. "बाबा, त्या म्हनाल्या, ओळ एकदम बरोबर जमली. ह्याच्यापेक्षा चांगली होनारच न्हाई. आज छापायला पाठवते, नाव ठरल्यासारखं एकट्याचंच. कसली ओळ?"

पानगव्हाणे व्याह्यांच्या मांडीवरून उठायचंच विसरले. नो एअर. नो रेस्ट. दोन तुकडे, एका मापाचे. हवा नाही, चैन नाही. दोन वर्षं चार शब्दकोशांत आणि शेवटी एका स्वेटरमध्ये त्यांनी जे शोधलं, ते रशियनचं अक्षरही ठाऊक नसलेल्या आत्यांनी आणि लेकीनं बोलता बोलता करून टाकलं होतं. सकाळपासून ते या माणसांना मनातल्या मनात शिव्या घालत होते. ही माणसं आली नसती तर ते आत्ता इथं एकटे, चार वाजता, कोरी वही घेऊन बसलेले असते. त्यांना फार भरून आलं.

"आत्या," ते म्हणाले, "बरं वाटलं. तुमच्या समद्यांमुळं बरं वाटलं."

"कांदा लागू पडला," फरीदाभाभी म्हणाल्या.

"कांद्याचं काय? मफलर बांधला म्हनून," आत्या म्हणाल्या.

"मला ऊन लागलंच नव्हतं," पानगव्हाण्यांनी खरं काय ते अथपासून इतिपर्यंत सांगितलं. रशियन ओळ, नमुना, स्वेटर, सगळं. सर्वांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि रुपालीचे सासरे चांगुणाबाईंना हळूच म्हणाले, "अजून दोन दिवस जपा. थोडी कसर हाय."

तेवढ्यात फक्रुद्दीन मोटार घेऊन आले. "भाऊसाहेब, मोटार एकदम टकाटक हाय. काहीच झालेलं न्हाई तिला," असं ते थोडंसं नाराजीनंच म्हणाले. कूलर सुरू झाला, आत्यांनी नाइलाजानं खिडकी उघडू दिली. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, पण कुणी उठेना.

"भैन आली का, ते सांग आधी," आत्या म्हणाल्या.

पानगव्हाण्यांनी शेवट सांगितला. मग कुणीतरी दुसरी गोष्ट मागितली. टेम्पो सात वाजता हलला.

संपादकबाईंनी पुढं विचारलं, की ऋणनिर्देशात कुणाची नावं घालायची असतील तर कळवा, पुस्तकात एक पान आहे. पानगव्हाणे बसले यादी करायला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की हे काम लग्नपत्रिकेतल्या नावांसारखं आहे. आलेले बावीस तर घ्यायलाच हवेत. पण ज्यांनी फोनवर चौकशी केली, त्यांना वगळून कसं चालेल? रुपालीच्या मामेसासऱ्यांची गाडी रेल्वे फाटकात अडकून परत गेली, पण ते निघाले तर होतेच. मोठ्या दिराचं घालून धाकट्याच्या बायकोचं नाही घातलं तर दिवाळीला फराळ परत येईल. टेम्पोवाला? तो तर सहा तास उन्हात थांबला होता. एका पानाची तीन पानं झाली. दिल्लीहून विचारणा झाली, की हे सगळे रशियन जाणतात का. पानगव्हाण्यांनी उत्तर दिलं, की एकही जाणत नाही, पण यांच्याशिवाय पुस्तक झालं नसतं.

श्रावणात पुस्तकं आली. पुणतांब्याला जाऊन त्यांनी पहिली प्रत आत्यांच्या हातात दिली. आत्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पानगव्हाण्यांनी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. आत्यांनी ते बोट बराच वेळ तिथंच ठेवलं. मग पुस्तक देव्हाऱ्यात गेलं. राहात्याला सासऱ्यांनी आधी नावांचा क्रम तपासला, मग समाधानानं मान हलवली. फक्रुद्दीननी ते पान मोठं करून दुकानात काचेखाली लावलं.

राहात्याहून परत येताना बसमध्ये पानगव्हाण्यांनी ती तीन पानं सहज पुन्हा वाचली, आणि मग नावं बोट ठेवून पहिल्यापासून मोजली. त्रेसष्ट नावं होती. मनकर्णाबाई होत्या, फरीदाभाभी होत्या, टेम्पोवाला होता. चांगुणा नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी घरची प्रत कपाटात वरच्या फळीवर, कपड्यांच्या मागं ठेवली. जेवताना बायकोकडं बघवेना. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चांगुणाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "कपाटात काय लपवलंय ते बघितलंय मी. रुपालीनं फोनवर समदी नावं वाचून दाखवली."

पानगव्हाण्यांच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं, खरं सांगतो, चुकून..."

"चुकून कशाला? पाव्हन्यांच्या यादीत घरच्या मान्साचं नाव कुठं असतंय?" त्यांनी परातीतली कणीक उलटी केली. "आपन बोलावनारे. आपलं नाव बाहेरच्या पानावर. त्ये तर हायेच की तुमचं."

एवढं बोलून त्या पुन्हा मळायला लागल्या. त्यात कुठं टोमणा नव्हता, रुसवा नव्हता. पानगव्हाणे बघतच राहिले. दोन वर्षं त्या खोलीत वेळेवर चहा येत होता. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. टीव्हीचा आवाज बारीक होता. हे सगळं आपोआप होतं, असं ते धरून चालले होते. त्यांनी पेला खाली ठेवला, घसा साफ केला आणि चाळीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. बायकोला नावानं हाक मारली.

"चांगुणा."

चांगुणाबाईंचे हात परातीत थांबले.

"तुझे फार आभार," पानगव्हाणे म्हणाले. "मनापासून."

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग उठून कणकेच्या हाताची पालथी बाजू त्यांच्या कपाळाला लावली, थोडा वेळ तशीच धरली. त्यांचा चेहरा काळजीनं बारीक झाला. बाहेर ओट्यावर फरीदाभाभी कुणाशी तरी बोलत होत्या. चांगुणाबाई पावलं न वाजवता दाराशी गेल्या, हळूच आतून कडी घातली आणि परत येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "आता कुनाला कळू देऊ नका. कनीक दोघांपुरतीच मळलीय."